सतरा नंबरच्या नळीची खोटी साक्ष

मी थुंकीची नळी बोलतेय. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या. एकदा सुरुवात केली की मी थांबणारी नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. आई नव्हती, साचा होता. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच आम्ही चाळीस बहिणी धडाधड खाली पडलो. प्रत्येकीला निळं टोपण, पोटावर नाव लिहायला पांढरी पट्टी, आणि एक काळी रेघ : इथपर्यंत भरा. माणसांच्या पोटावर अशी रेघ कुणी आखलेली नसते, म्हणून ती कधी रिकामी राहतात आणि कधी उतू जातात.

खोक्यातल्या प्रवासात मला जगाची रीत समजली. आमच्या वरच्या थरात रक्ताच्या नळ्या होत्या. त्यांचा ताठा काय सांगावा! त्यांच्यासाठी सुई लागते, माणूस त्यांना बघून तोंड फिरवतो, क्वचित चक्करही येऊन पडतो. लघवीच्या डब्यांचं तोंड मोठं, त्यामुळे बोलणंही मोठं. आम्ही सर्वांत खाली. ‘‘थुंकी?’’ एक रक्ताची नळी मला म्हणाली, ‘‘ती तर लोक फुकट वाटेवर टाकतात!’’ रिकाम्या नळीने बोलू नये, एवढं मला कळत होतं.

खोकं उघडलं ते केनियात, काजियाडोच्या माळावर, एका खोलीच्या दवाखान्यात. खोली, खिडकी, खिडकीसमोर एक बाभूळ, आणि पलीकडे मेपुकोरी आजोबांचं काटेरी कुंपणाचं आवार. माझं सगळं आयुष्य या चार गोष्टींच्या दरम्यान गेलं, आणि कमी पडलं असं कधी वाटलं नाही.

दवाखाना नर्स सिमालोईचा. ती तिथल्याच आवारांतली मुलगी. शिकून परत आली होती. आम्हाला घेऊन आले होते नैरोबीचे डॉक्टर गिथिंजी. तरुण, चष्मेवाले, बोलता बोलता हवेत बोटाने आकृत्या काढणारे. त्यांचं म्हणणं दोन वाक्यांत मावण्यासारखं होतं, म्हणून त्यांनी त्यावर साठ पानं लिहिली होती. म्हणणं असं : हिरड्यांत घर करणारे काही जंतू तिथेच गप्प बसत नाहीत, हिरडीतून रक्त यायला लागलं की त्याच वाटेने आत शिरतात, आणि मग हृदय, साखर, गरोदर बाईचं पोट, सगळीकडे त्यांची लुडबूड सुरू होते. दात दुखायच्या आधीच हे पाहुणे थुंकीत सापडतात, आणि ते शोधायला डॉक्टरांनी डब्याएवढं एक मशीन बरोबर आणलं होतं.

सकाळी बाभळीखाली चोवीस माणसं जमली. डॉक्टर स्वाहिलीत बोलले, सिमालोईने आपल्या भाषेत सांगितलं, ‘‘चहा न घेता आला असाल, तर प्रत्येकाने आपापल्या नळीत रेघेपर्यंत थुंकायचं.’’

‘‘कुणासाठी?’’ मागून एका म्हाताऱ्याने विचारलं.

‘‘कुणासाठी म्हणजे?’’

‘‘अगं पोरी, थुंकायचं म्हणजे कुणावर तरी थुंकायचं. बाळावर, वासरावर, लांब निघालेल्या माणसावर. या प्लास्टिकचं काय भलं व्हायचंय?’’

‘‘प्लास्टिकचं नाही, काका. तुमचंच भलं.’’

‘‘म्हणजे आपणच आपल्याला आशीर्वाद द्यायचा? नैरोबीत अशी पद्धत असेल बाबा.’’

सगळे हसले. डॉक्टरही हसले, त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं.

इथे थुंकणं म्हणजे आशीर्वाद, हे मला कारखान्यात कुणी सांगितलं नव्हतं. जिथे तिथे माझा अपमान झाला होता, आणि या माळावर मात्र बायका मला दोन्ही हातांत धरत होत्या. मी मनातल्या मनात त्या रक्ताच्या नळीला म्हटलं, बघ.

मग मेपुकोरी आजोबा काठी टेकत उठले. त्यांच्या आशीर्वादाला दूरदूरहून मागणी. खालचे मधले दोन दात, तिथल्या रिवाजाप्रमाणे, लहानपणीच काढलेले. त्या फटीतून थुंकी अशी बारीक तुषारांसारखी निघायची की डोक्यावर पडली तर पडल्याचं कळू नये. पन्नास वर्षांत त्या तुषारांखालून गेलं नाही असं पोर त्या माळावर नव्हतं.

‘‘सुरुवात आहे, आशीर्वाद हवा,’’ आजोबा म्हणाले. ‘‘आण इकडे.’’ त्यांनी पहिल्या बाईची नळी घेतली, ‘‘एन्काई देव तुझ्या गाईंना दूध देवो, तुझ्या घरात धूर राहो,’’ म्हणाले आणि फुर्रकन आशीर्वाद दिला. थेट नळीत.

झालं. एकीला मिळाला, मग दुसरीला नको का? रांगच लागली. ‘‘आजोबा, माझ्या नळीला पण, म्हणजे आतलं चांगलं निघेल.’’ ‘‘आजोबा, माझ्या गुडघ्याचंही त्यातच बघा.’’ आजोबांची सून रेसियातो आठव्या महिन्यातली, एकोणीस वर्षांची, शेळीसारखे भक्कम दात. तिने मान खाली घालून नळी पुढे केली. तिला तर आजोबांनी दोनदा आशीर्वाद दिला, एक तिचा आणि एक पोटातल्याचा. सिमालोई त्या वेळी खोलीत यादीत नावं लिहीत होती. डॉक्टर फोनला रेंज मिळावी म्हणून वारुळावर चढून उभे होते. विज्ञान असं दोन्ही बाजूंनी पाठमोरं असताना तेवीस नळ्यांचं भलं झालं.

चोविसावी मी. माझ्या पोटावर लिहिलं होतं : १७, मेपुकोरी.

आजोबा मला घेऊन बाभळीच्या बुंध्याशी बसले. गाल आत ओढले, जीभ फिरवली, घसा खाकरला. काही नाही. हल्ली त्यांच्या तोंडाला तशीही कोरड पडे, रात्रंदिवस तहान लागे, आणि होतं नव्हतं ते तेवीस ठिकाणी वाटून झालं होतं. टाचेला तीन महिन्यांपूर्वी काटा लागलेला, ती जखम फडक्यात बांधलेली. तिच्यावर माशी बसली तरी त्यांना कळत नव्हतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि बायकोला हळूच हाक मारली.

‘‘नोलारी, ए नोलारी. इकडे ये.’’

नोलारीआजी चोविसांत नव्हती. ‘‘मला दूध काढायचंय, तुम्ही थुंकत बसा,’’ असं सांगून ती यादीबाहेर राहिली होती. ती दुधाचा भोपळा काखेत धरून आली.

‘‘काय हो, तराईयाच्या बापा?’’ ती नवऱ्याला थोरल्या लेकराच्या नावाने हाक मारायची.

‘‘दोन थेंब दे.’’

‘‘दूध?’’

‘‘दूध कशाला? थुंकी.’’

‘‘चळलात काय?’’

‘‘हळू बोल. माझं तोंड कोरडं पडलंय. सगळ्या गावाला आशीर्वाद दिला आणि स्वतःच्या नळीला ओल नाही म्हटल्यावर लोक काय म्हणतील?’’

‘‘म्हणतील, म्हातारा सुकला.’’

‘‘म्हणूनच दे.’’

आजीने कपाळावर हात मारला, पाठ फिरवली, लाल शालीचा आडोसा केला आणि मला काळ्या रेघेपर्यंत नीट भरलं. रेघेच्या वर नाही, खाली नाही. काम चोख होतं. फक्त माणूस चुकीचा होता.

अशी मी आयुष्यातली पहिली साक्ष खोटी दिली. नळीला तोंड असतं, पण ते फक्त आत घ्यायला.

चौथ्या दिवशी मशीनचे निकाल आले आणि डॉक्टर खुर्चीवरून उठून उभे राहिले.

‘‘सिमालोई, हे बघ! तेवीसच्या तेवीस जणांच्या तोंडात तेच जंतू. अगदी तेच! हिरड्या पोखरणारे, जुने, मुरलेले. या एकोणीस वर्षांच्या मुलीचं तोंड सत्तर वर्षांचं दिसतंय!’’

‘‘डॉक्टर, रेसियातो दातांनी हाड फोडते.’’

‘‘तेच तर! बाहेरून काही दिसत नाही. ही काहीतरी नवीन गोष्ट आहे.’’ आणि त्यांनी हवेत बोटाने एक फार मोठी आकृती काढली. ‘‘आणि सतरा नंबर बघ. मेपुकोरी. सगळ्या गावात एकच निरोगी तोंड!’’

मी घडवंचीवर उभी होते. शरमेनं मला टोपणात तोंड लपवावंसं वाटलं, पण ते आधीच लावलेलं होतं.

आता पुढचे दोन आठवडे जे झालं, त्याला मी शिकलेल्या माणसांचा खेळ म्हणते. डॉक्टरांनी कारण शोधायला घेतलं. तेवीस तोंडांना सामाईक काय? दुधाचे भोपळे! त्यांनी प्रत्येक घरातला भोपळा हुंगला, आत काड्या घालून पाहिल्या. बायका खवळल्या.

‘‘रोज जळत्या लाकडाने आतून धुरी देते मी त्याला,’’ एक जण कमरेवर हात ठेवून म्हणाली. ‘‘त्याच्या आईच्या घरचं भांडं तरी एवढं स्वच्छ असेल का, विचार त्याला सिमालोई.’’

‘‘काय म्हणतात त्या?’’ डॉक्टरांनी विचारलं.

‘‘तुमच्या आईची चौकशी करतायत,’’ सिमालोई म्हणाली.

दुसरीकडे गावाने आपलं संशोधन सुरू केलं. आजोबांचंच तोंड का निरोगी? म्हणजे आजोबा करतात ते करावं. आजोबा चहात पाच चमचे साखर घालत. गावाने सहा घातली, आजोबांपेक्षा तोंड मागे आहे म्हणून. आजोबा तपकीर ओढत. न ओढणारेही शिंकायला लागले. आजोबा दातणाची काडी कानावर ठेवत आणि बहुतेक तिथेच विसरत. तर जे रोज इमानाने काडी घासत होते, त्यांनीही ती कानावर ठेवली. आजोबा डाव्या कुशीवर झोपतात असं कळल्यावर दोन नवरा-बायकोंत कोणी कुणाकडे पाठ करायची यावरून भांडण झालं.

आणि आजोबा? त्यांनी तो रिपोर्ट चौघडी करून शालीत ठेवला होता. वाचता येत नव्हता, पण दाखवता येत होता.

हसू येतं खरं. पण घडवंची खिडकीशी होती, आणि मला त्यांची टाच दिसायची. फडकं रोज बदललेलं, आणि रोज ओलं.

‘‘आजोबा, तालुक्याच्या इस्पितळात चला,’’ सिमालोई म्हणायची. ‘‘तीन महिने जखम भरत नाही म्हणजे साखर बघायला हवी. बोटाला एक टोचणी, बस्स.’’

‘‘हा कागद काय सांगतो?’’

‘‘तो तोंडाचा कागद आहे.’’

‘‘तोंड कुणाचं आहे? माझं. पाय कुणाचा आहे? माझा. मग घरातला एक माणूस चांगला निघाला की बाकीच्यांची चौकशी करतात का?’’

‘‘पण नुसतं टोचून तर...’’

‘‘अगं, तुझे डॉक्टरच म्हणाले ना, गावात सगळ्यात निरोगी मी! आता त्यांना खोटं पाडतेस?’’

कागद माझ्या पोटातून निघाला होता. मी ओरडत होते, ‘‘अहो, तो मी भरलेला... म्हणजे मला भरलेला...’’ पण प्लास्टिकचा आवाज कुणाला ऐकू जातो?

उलट रेसियातोचे हाल. तिला डॉक्टरांनी अगदी हळुवारपणे सांगितलं होतं, की हिरड्या अशा असल्या तर बाळ कधी कधी वेळेआधी येतं, जपायला हवं. तेव्हापासून ती पोर घास चावायला घाबरायची. दातांनी हाड फोडणारी मुलगी पेज पिऊन भिंतीला टेकून बसायची.

एका सकाळी दूध काढून झाल्यावर नोलारीआजी दवाखान्यात आली. सिमालोई एकटीच होती. आजी दारात उभी राहिली, आत आली, पुन्हा दारात गेली.

‘‘आजी, बसा की.’’

‘‘बसत नाही. मला एक विचारायचंय. म्हाताऱ्याची करंगळी काळी पडलीय. पायाची. आणि फडकं सोडलं की वास येतो. मेलेल्या वासराचा येतो तसा.’’

सिमालोई उठून उभी राहिली. ‘‘आणि ते येत नाहीत!’’

‘‘येणार कसे? त्यांच्याकडे कागद आहे.’’ आजीने माझ्याकडे बोट केलं. ‘‘ती सतरा नंबरची माझी आहे.’’

‘‘काय तुमची?’’

‘‘थुंकी. त्यांना आली नाही. सगळी या बायांच्या नळ्यांत आशीर्वाद देऊन संपली. मग मी दिली.’’

सिमालोई खाली बसली. मग हसायला लागली, मग हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते हसण्याचंच होतं असं मी खात्रीने सांगू शकत नाही.

‘‘आजी, एवढे दिवस बोलला का नाहीत?’’

‘‘नवऱ्याचा आशीर्वाद घ्यायला चार डोंगर ओलांडून माणसं येतात. त्याच्या तोंडाला ओल नाही, हे बायकोने सांगायचं? पण पाय गेल्यावर तो आशीर्वाद द्यायला उभा कसा राहील, हेही मीच बघायचं ना?’’

डॉक्टरांना बोलावून सगळं सांगितलं. ते चष्मा काढून पुसायला लागले. नवीन रोगावरचा त्यांचा लेख निम्मा लिहून झाला होता. जगात एखादा रोग इतक्या झटपट आणि औषधाशिवाय बरा झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

‘‘म्हणजे तेवीस नळ्यांत एकाच माणसाचे जंतू,’’ ते शेवटी म्हणाले. ‘‘आणि तो माणूस...’’

‘‘बाहेर ओट्यावर कागद दाखवत बसलाय,’’ सिमालोई म्हणाली.

तिघं बाहेर गेली. खिडकी उघडी होती. नोलारीआजीने आडपडदा ठेवला नाही.

‘‘तराईयाच्या बापा, तो कागद ठेवा खाली. त्यात मी आहे.’’

आजोबांनी आधी कागदाकडे, मग तिच्याकडे पाहिलं. ‘‘चारचौघांत सांगितलंस.’’

‘‘सांगितलं. चारचौघांत तुम्हाला लंगडत न्यायची पाळी येण्यापेक्षा बरं.’’

‘‘मग माझी कशी आहे?’’

‘‘ते थुंकल्याशिवाय कळत नाही.’’

सिमालोईने त्यांना चघळायला बाभळीचा डिंक दिला, आणि शेजारी स्वतः पहारा देत उभी राहिली. या वेळी आजोबांनी कुणालाही आशीर्वाद दिला नाही. डिंक चघळून चघळून नव्या नळीत रेघेपर्यंत कसंबसं भरलं. माझी ती धाकटी बहीण पहिल्याच दिवशी खरं बोलली. तिच्यासाठी डब्याएवढ्या मशीनने लाल दिवा लावला. मग बोटाला टोचणी. साखर मोजायच्या यंत्राने आकडाच दाखवला नाही; ‘फार जास्त’ एवढंच लिहून ते गप्प बसलं.

‘‘यंत्राला मोजता येईना?’’ आजोबांनी विचारलं. त्यांना थोडा अभिमानच वाटला असावा.

मग ते काठीने मातीत रेघा ओढायला लागले.

‘‘सिमालोई, म्हणजे पन्नास वर्षं मी पोरांच्या डोक्यावर रोगच थुंकत आलो?’’

ती त्यांच्यासमोर मातीतच बसली. ‘‘आजोबा, माझ्या डोक्यावर तुम्हीच थुंकला होतात. बघा, बरी आहे ना मी? डोक्यावरून जंतू आत जात नाहीत. आणि तुमचं तोंड काही पन्नास वर्षं असं नव्हतं. आपलं रात्रीचं कुंपण असतं ना, तसं हे आहे. काटे घट्ट आहेत तोवर तरस बाहेर फिरतात. हिरडी सैल झाली की कुंपणाला भोक पडतं. मग ते आत येतात, रक्तातून हिंडतात आणि साखर आवरू देत नाहीत. आणि साखर वाढली की कुंपण आणखी सैल. दोघं मिळून तुमचा पाय खातायत.’’

‘‘मग आता?’’

‘‘आता पाय दाखवायला आजच तालुक्याला. मग दात साफ, गोळ्या, चहा बिनसाखरेचा. आणि हिरड्यांतून रक्त यायचं थांबेपर्यंत तान्ह्या बाळाच्या तोंडाजवळ तुषार नाहीत.’’

आजोबांनी वर पाहिलं. ‘‘पाय काप हवा तर. पण चहा बिनसाखरेचा?’’

डॉक्टरांनी स्वतःच्या जीपमधून त्यांना नेलं. पायाची करंगळी गेली, पाय राहिला. आणखी पंधरा दिवस त्या कागदाच्या भरवशावर बसले असते, तर गुडघ्याखाली काही राहिलं नसतं, असं इस्पितळातल्या सर्जनने सांगितल्याचं मला नंतर कळलं. ते ऐकून माझ्या आतून थंडी वाजली, आणि मी नुकतीच उकळत्या पाण्यातून निघाले होते.

हो, तेही सांगायचं राहिलं. तेवीस जणांच्या नव्याने नळ्या घेतल्या, आशीर्वादाशिवाय. बहुतेकांची तोंडं ठीकठाक निघाली, दोघांना दातांच्या डॉक्टरकडे धाडलं. रेसियातोचं तोंड तिच्या वयाचंच निघालं. त्या दिवशी तिने एवढं मांस खाल्लं की कुत्री निराश होऊन गेली. जुन्या नळ्या जाळायला निघाल्या. तेवढ्यात नोलारीआजी आली.

‘‘माझी मला द्या.’’

‘‘आजी, वापरलेली नळी परत द्यायची नसते,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘नियमात बसत नाही.’’

‘‘माझ्या कानात बसते,’’ आजी म्हणाली.

आणि खरंच बसले. लहानपणी टोचून, वाढवून, मणी लावून केलेल्या त्या कानाच्या मोठ्या भोकात मी मापाने केल्यासारखी बसले. सिमालोईने मला औषधाच्या पाण्यात बुडवलं, दोनदा उकळलं, पुन्हा बुडवलं. डॉक्टर खिडकीतून बाहेर बघत राहिले. जे दिसलं नाही, त्याला नियम लागत नाही. तेव्हापासून मी आजीच्या डाव्या कानात राहते. पोटात तपकीर असते. एकेकाळच्या माझ्या वरच्या थरातल्या त्या रक्ताच्या नळ्या आता राख झाल्या असतील. मी मण्यांमध्ये झुलते.

आजोबा परतले त्याच आठवड्यात रेसियातोला मुलगी झाली. भरल्या दिवसांची, भरल्या आवाजाची. नाव ठेवायच्या दिवशी माळावरची सगळी माणसं जमली. सगळ्यांची नजर आजोबांवर. बाळाला त्यांच्यापुढे आणलं. आजोबांनी हात पुढे केले, मग मागे घेतले. त्यांच्या हिरड्यांतून अजून सकाळी काडीला लाल लागत होतं, हे मला ठाऊक होतं. आजी रोज बघायची, मी कानातून बघायचे.

गर्दीत कुजबुज झाली. जो माणूस प्लास्टिकलाही आशीर्वाद देतो, तो स्वतःच्या नातीला देत नाही?

‘‘डॉक्टरच्या कागदाप्रमाणे,’’ आजोबा मोठ्याने म्हणाले, ‘‘या घरात निरोगी तोंड एकच निघालं. माझं नाव घालून निघालं, पण माझं नव्हतं. नोलारी, पुढे ये.’’

आजी जागची हलेना. ‘‘म्हातारे, चाळीस वर्षं तू माझ्यामागे उभी राहिलीस,’’ ते म्हणाले, ‘‘आज जरा मला मागे उभं राहू दे. पाय दुखतोय माझा.’’

आजी पुढे गेली. बाळाच्या डोक्यावरून वाकली तेव्हा मी कानात थरथरत होते. मला वाटलं मी हलतेय, पण आजीच हलत होती. शब्द आजोबांनीच म्हटले, गाईंचे, गवताचे, पावसाचे. तुषार आजीचे पडले. बाळाने डोळे मिटले आणि ते दणकून शिंकलं. बहुतेक दोष माझा, टोपण थोडं सैल होतं.

नंतरचे तीन महिने सांगण्यासारखे नाहीत, कारण त्यात रोज तेच झालं. सकाळी आजोबा आजीपुढे उकिडवे बसायचे.

‘‘आ करा.’’

‘‘आऽऽ.’’

‘‘मोठा. एवढा मोठा चहा मागताना करता.’’

‘‘रक्त आहे?’’

‘‘आहे. काडी नीट फिरवा, मागे. कानावर नाही, तोंडात.’’

दातांवरचे थर तालुक्याला जाऊन खरवडून झाले. गोळ्या चालू झाल्या. बिनसाखरेचा चहा पहिल्या दिवशी आजोबांनी ओतून दिला, दुसऱ्या दिवशी शिव्या देत प्यायले, दहाव्या दिवसापासून नुसते शिव्या द्यायला लागले आणि चहाचं नाव काढेनात. टाचेची जखम कडेने आत आत येत मिटली. एका सकाळी आजीने त्यांच्या तोंडात पाहिलं, बोट फिरवलं, बोट उजेडात धरलं आणि म्हणाली, ‘‘मिटा.’’

मला वाटलं, आता सुटणार! अख्ख्या माळाला अंघोळ! पण आजोबा दोन दिवस कुणावर थुंकले नाहीत. काठी घेऊन बाभळीखाली बसून राहिले. पन्नास वर्षांची सवय सुटलेल्या माणसाला पुन्हा सुरुवात कुणापासून करावी हे कळत नसावं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर गिथिंजी जीप घेऊन आले. शेवटची तपासणी, आणि निरोप. नव्या नळीचा निकाल चांगला आला. साखर खाली होती. नवीन रोगाचा लेख गेला तो गेलाच. त्याऐवजी ते आता थुंकी कशी घेऊ नये यावर लिहिणार होते, आणि तो लेख, माझ्या मते, जास्त लोकांच्या उपयोगाचा आहे. सगळ्यांशी हात मिळवून ते जीपकडे वळले.

‘‘थांब,’’ आजोबा म्हणाले. ‘‘लांब जायचंय ना तुला?’’

सिमालोईने डॉक्टरांच्या कानात काहीतरी सांगितलं. डॉक्टरांचा चेहरा पडला. तोंडात काय काय असतं, त्याची नावं, घराणी, सवयी आणि वाढीचा वेग, हे त्या माळावर सगळ्यात जास्त ठाऊक असलेला माणूस तो. त्याने चष्मा काढला, खिशात ठेवला आणि मान खाली घातली.

‘‘एन्काई तुझी वाट ओली ठेवो, तुझी जनावरं, नसतील तर तुझी मशिनं, धष्टपुष्ट राहोत.’’ आणि त्या दोन दातांच्या फटीतून, चार महिन्यांनी, अगदी बारीक तुषार निघाले. कपाळ, गाल, नाक, सगळीकडे समान.

डॉक्टरांनी चेहरा पुसला नाही. पुसायला हात वर गेला होता, मी पाहिलं; तो त्यांनी केसांतून फिरवून खाली घेतला. जीप वळणापार जाईपर्यंत तरी पुसला नाही. पुढचं मला दिसलं नाही, आणि दिसलं असतं तरी सांगितलं नसतं.

आता वाचकहो, निरोप घेते. आजीला तपकीर हवी आहे, माझं टोपण उघडायची वेळ झाली. जाता जाता एवढंच मागणं : सकाळी काडी किंवा ब्रश फिरवताना लाल दिसलं, तर थुंकून विसरू नका. दाखवा कुणाला तरी. आणि कधी कुणी नळी हातात दिली, तर तोंड कोरडं पडलं म्हणून लाजू नका, डिंक मागा.

शिंक आली तर माफ करा.